काट मारलेलं नाव

डिसेंबरातल्या एका मंगळवारी पेटी आलीच नाही. मधली सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती. समूहगीताची बावीस मुलं हॉलमधल्या सतरंजीवर हात मांड्यांखाली दाबून बसली होती, कारण आमच्या हॉलची फरशी डिसेंबरात पायांतून वर चढत जाते. तबला-डग्गा गादीवर मांडून झाला होता आणि पेटीची जागा रिकामी. मला आधी शिपाईकाकांचा राग आला. मग लक्षात आलं की पेटी काका आणतच नाहीत. गणपतीनंतर केव्हातरी आठवी ब मधला एक मुलगा न सांगता ते काम करायला लागला होता. संगीताच्या कपाटाची किल्ली टेबलावरून उचलायची, पेटी पोटाशी धरून दोन जिने उतरायचं, ठेवताना भात्याची बाजू माझ्याकडे येईल हे बघायचं आणि मग मागच्या खांबाला टेकून बसायचं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी पिटाळलं, पेटी आली, सराव झाला. गुरुवारी तो जिन्यात भेटला. मी चेष्टेच्या सुरात म्हटलं, "काय रे, संपावर गेलास का?" तो बुटांकडे बघत म्हणाला, "मॅडम, माझं नाव कापलंय ना तुम्ही."

"कुठे कापलंय?"

"वहीत. लाल पेननी."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, अरे वेड्या, काट म्हणजे ऐकून झालं. ज्याचा आवाज ऐकला त्याच्या नावावर काट मारते मी, सगळ्या वर्गाचीच नावं कापलेली आहेत, नीट बघ. त्यानं मान डोलावली, "हो मॅडम" म्हणाला आणि दोन पायऱ्या एकदम उतरत गेला. मोठी माणसं बोलायची थांबावीत म्हणून मुलं अशी मान डोलावतात, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. शाळेत तिचा जरा बोलबाला आहे. दर जूनमध्ये मी मेन रोडवरून दोनशे पानी लांब रजिस्टर आणते, चार रंगांची पेनं आणते आणि पहिला रविवार रेघा मारण्यात घालवते. घरचे हसतात. अठरा तुकड्या, प्रत्येक तुकडीची नावं, नावासमोर रकाने. निळ्यानं शिकवलेलं, हिरव्यानं निवड, काळ्यानं गैरहजेरी, लालनं झालेलं काम. कुठल्या वर्गाचा कुठला अंतरा राहिलाय, कुठल्या डग्ग्याची वादी सैल आहे, १५ ऑगस्टला ध्वनिक्षेपकवाल्याला किती वाजता बोलावायचं, सगळं त्यात. एकदा शिक्षकांच्या बैठकीत हेडसरांनी ती वही सगळ्यांसमोर वर धरून दाखवली होती. मला संकोच वाटला आणि आतून गुदगुल्याही झाल्या. संगीताच्या बाईंकडे कुणी व्यवस्थितपणाचा नमुना म्हणून बघावं, हे आमच्या विषयाच्या वाट्याला क्वचित येतं. एरवी आमची ओळख "त्यांना काय, गाणी म्हणायची" एवढीच.

मी जात्याच नीटनेटकी आहे असंही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी १५ ऑगस्टला कपाटाची किल्ली सिडकोतल्या घरी राहिली. झेंडावंदन सात-पस्तीसला की काय होतं, पाहुणे आलेले, आणि पेटी, तबला, टाळ सगळं कुलपात. कुलूप फोडायला कुणी धजावेना. शेवटी मीच एक अंदाजानं सूर दिला. तो इतका वरचा निघाला की अंतऱ्यावर पोरांच्या शिरा ताणल्या, मुलगे गप्प झाले, मुली किंचाळल्या आणि पाहुण्यांनी मोठ्या मनानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी घरी जाऊन मी पहिली यादी केली. किल्ली दोन प्रतींत. एक शाळेत, एक पर्समध्ये. बाकीचा सगळा व्यवस्थितपणा त्या एका लाजेतून फुटलेल्या फांद्या आहेत.

आणि या कामात शिस्त लागतेच. एक गोष्ट बाहेरच्यांना कधी सुचत नाही. स्नेहसंमेलनात गाण्यांचा क्रम लावताना लोक विषय बघतात, वेशभूषा बघतात, कुणाचा मुलगा कुठल्या गाण्यात आहे ते बघतात. मी पट्टी बघते, म्हणजे गाणं पेटीच्या कुठल्या सुरातून धरायचं ते. काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, पांढरी एक म्हणजे पहिली पांढरी. तबला एका सुरात लावलेला असतो. पहिलं गाणं काळी एकमध्ये, दुसरं काळी चारमध्ये आणि तिसरं परत काळी एकमध्ये ठेवलं, तर मधल्या दोन मिनिटांत कुणीतरी पडद्यामागे हातोडी घेऊन तबल्याचे गट्टे ठोकत सूर बदलत बसणार, आणि ती टकटक माइकमधून अख्ख्या मैदानाला ऐकू जाणार. म्हणून एका पट्टीची गाणी एकापाठोपाठ, मग एक नाच, तेवढ्यात दुसरा तबला पुढे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैलावते, सकाळी चढवलेला सूर दुपारी उतरलेला असतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या कोरड्या थंडीत कातडं ताणलं जातं आणि सूर वर सरकतो. पेटीच्या भात्यात डांबराच्या गोळ्या नाही ठेवल्या तर मे महिन्यात उंदीर संसार थाटतात. हे सगळं डोक्यात ठेवून गाणं शिकवता येत नाही. कागदावर उतरवावंच लागतं.

मग वेळ. आठवड्याला एका तुकडीला संगीताचा एक तास, पस्तीस मिनिटांचा. वर्गातून हॉलमध्ये येणं, बूट काढणं, कुणी कुणाला ढकललं त्याचा निवाडा, हजेरी. गाण्याला उरतात वीस मिनिटं. सुट्ट्या, चाचण्या, सहामाही, सहली वजा जाता वर्षाला तीस आठवडे धरा. म्हणजे एका तुकडीच्या वाट्याला अख्ख्या वर्षात दहा तास. एखादा शास्त्रीय गायक सकाळच्या रियाझात दोन-तीन दिवसांत संपवेल एवढा वेळ, आणि तो पंचावन्न मुलांत वाटायचा. त्यातूनही जानेवारीनंतर गणिताच्या मॅडम दारात उभ्या राहतात. "अहो, पोर्शन राहिलाय, तुमचा तास देता का?" मी देते. नाही म्हणता येत नाही असं नाही, पण दहावीचा निकाल कुणाच्या नावावर लागणार आहे हे दोघींनाही ठाऊक असतं. शिवाय रोजचा परिपाठ माझ्याकडे. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत बसायला हवं. २०२३ पासून राज्यगीत आलं, ते १.४१ मिनिटांचं. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, पसायदान. मी स्टेजच्या कोपऱ्यात पेटीवर बसून एक डोळा घड्याळावर ठेवते. ज्ञानेश्वरांचं मागणं मागतानाही माझं लक्ष पहिल्या तासाच्या घंटेकडे असतं, हे कबूल केलेलं बरं.

कागदांचं तर विचारूच नका. टाचणवही, वार्षिक नियोजन, घटक नियोजन, आकारिक मूल्यमापन आणि त्यातल्या वर्णनात्मक नोंदी. "तालाची चांगली जाण आहे." "समूहात आत्मविश्वासाने गातो." "गायनात रुची दिसून येते." माझ्याकडे अशी चौदा वाक्यं तयार आहेत. ती मी जवळजवळ हजार मुलांवर आलटून पालटून वापरते, दोन शेजारच्या हजेरी क्रमांकांना एकच वाक्य येणार नाही एवढी काळजी घेते. ही युक्ती मी नव्या शिक्षिकांनाही सांगितली आहे. त्यांनी माझे आभार मानले होते.

त्या गुरुवारी संध्याकाळी स्कूटर द्वारका चौकात अडकली. तिथे अडकणं नाशिककरांना नवं नाही, पण अडकल्यावर जे डोक्यात असतं ते तिथे नीट घोळवून होतं. मी स्वतःला समजावत होते की पोरानं चुकीचं वाचलं. त्याला माझी पद्धत माहीत नव्हती. रजिस्टर आणायला स्टाफरूममध्ये मीच पाठवलं असणार, वाटेत त्यानं उघडून बघितलं असणार. चूक कुणाचीच नाही. सिग्नल तीनदा हिरवा होऊन लाल झाला आणि तिन्ही वेळा मी हेच वाक्य नव्यानं जुळवलं.

रात्री जेवण झाल्यावर वही उघडली. आठवी ब. पंचावन्न नावं, पंचावन्न लाल काटा. म्हणजे मी खरं बोलले होते. मग शेजारचा हिरवा रकाना बघितला. सहा नावांसमोर चांदणी. त्याच्या नावासमोर काही नाही. आणि अगदी कडेला, माझ्याच बारीक अक्षरात, "आ. फु. पुढच्या वर्षी".

आ. फु. म्हणजे आवाज फुटतोय.

तर त्यानं चुकीचं वाचलंच नव्हतं. खूण त्याला कळली नसेल, मजकूर बरोबर कळला होता. गणपतीपासून तो रोज पेटी आणत होता, खांबाला टेकून बसत होता, सगळे अंतरे ओठांत म्हणत होता. आज ना उद्या मॅडम म्हणतील "ये, बस रांगेत", अशी वाट बघत होता. मी ते म्हणणार नव्हते. तसं ऑगस्टमध्येच ठरलं होतं आणि वहीत लिहूनही झालं होतं. एकदा लिहून झालं की माझ्या लेखी ते काम संपतं. त्याला सांगायचं होतं, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आवाज ऐकल्याचा तो दिवस आठवायचा मी बराच प्रयत्न केला. थोडासा आठवला. ऑगस्टमध्ये शेजारच्या गल्लीत मंडळाच्या ढोलाचा सराव चालू होता. नाशिक ढोलाचं कौतुक जगभर असेल, पण खिडकीला खिडकी लागून तो वाजत असताना पंचावन्न मुलांचे आवाज एकेक करून ऐकायचे म्हणजे काय, ते मला विचारा. प्रत्येकाला ध्रुवपदाच्या दोन ओळी. अर्धा मिनिट. पुढचा. त्याच्या वेळी "सा" ठीक लागला असावा, पंचमाच्या आसपास आवाज घसरला, दोन तुकडे झाले, मुलं हसली. मी "शांत बसा" म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. पाचवीत हाच मुलगा काळी पाचमध्ये मोकळा गायचा, इतका की परिपाठाला मी त्याला माइकपाशी उभं करायची. आठवीच्या आसपास स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांबतात, जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. उतरताना जिन्यावरून पेटी घरंगळावी तसा आवाज करतो. हे मी जीवशास्त्राच्या मॅडमपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. त्या काळात ताणून गाऊ नये, खालच्या सुरांत हलकं गात राहावं, एवढं सांगितलं तरी मुलाला धीर येतो. आपल्याला काय होतंय हेच त्याला माहीत नसतं. त्याला वाटतं, आपलं गाणं गेलं.

पंचवटीत पलुस्करांचा आश्रम होता, हे नाशिकमध्ये गाणं शिकणाऱ्याला लहानपणीच कानावर पडतं. मला ते माझ्या गुरुजींनी सांगितलं, काळारामाकडून गोदाघाटाकडे उतरताना, हातानं नुसती दिशा दाखवून. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी पाणी भरत वर्षानुवर्षं जे वेचायचं, ते गाणं त्यांनी वर्गात आणलं. त्याला इयत्ता लावल्या, अभ्यासक्रम आखला, स्वरलिपी केली, पुस्तकं छापली. आम्ही आज प्रवेशिका-मध्यमा या संगीत परीक्षांचे फॉर्म भरतो, तासाला बसवलेला राग आखून शिकवतो, हजेरी घेतो, तो सगळा वारसा त्यांचा. पुढे मुंबईच्या शाळेची इमारत कर्जापायी गेली आणि ते नाशिकला येऊन रामनामात रमले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, १९२१ मध्ये इथेच जन्मले. हे सगळं मी दर वर्षी दिनविशेषात मुलांना वाचून दाखवते. पण एक गोष्ट त्या डिसेंबरापर्यंत मला कधी डाचली नव्हती. लहानपणी फटाक्याच्या अपघातात विष्णु दिगंबरांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्या माणसानं गाण्याला वही दिली, त्याला स्वतःला ती वही वाचणं अवघड होतं. समोरचा विद्यार्थी त्यांनी ओळखला असेल तो आवाजावरून. माझ्यासारखा हिरवा रकाना बघून नव्हे. आता यावरून मी स्वतःला फार झोडपणार नाही. त्यांच्याकडे आठवड्याला हजार पोरं पस्तीस-पस्तीस मिनिटांत येत नव्हती. पण डाचलं हे खरं.

शुक्रवारी मी त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, तुझा आवाज बदलतोय, ते सगळ्यांचं होतं, ते मी तुला ऑगस्टमध्येच सांगायला हवं होतं. तू समूहगीतात ये, खालच्या सप्तकात गा, मला तसे दोन-तीन आवाज लागतात. यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. लागत नव्हते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मी लेझीममध्ये नाव दिलंय. त्याची प्रॅक्टिस पण मधल्या सुट्टीनंतरच असते." असतेच. सरावांचं ते वेळापत्रक मीच केलं होतं. समूहगीत आणि लेझीम एकाच वेळी ठेवलं की दोन्हीकडची मुलं एकमेकांत मिसळत नाहीत, गोंधळ होत नाही. फलकावर लावलेला तो तक्ता छान दिसत होता, चार रंगांत.

संमेलनाच्या दिवशी मी विंगेत उभी होते, हातात क्रमाचा कागद. काळी एकची गाणी झाली, नाच झाला, तबले बदलले, एकदाही टकटक ऐकू आली नाही. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "मॅडमचं सगळं कसं अगदी टायमात." लेझीम सुरू झालं. तो दुसऱ्या रांगेत डावीकडे होता, डोक्याला भगवा फेटा, कपाळावर घाम. हलगीच्या लयीत वाकताना एकदा त्याची नजर विंगेकडे आली आणि तशीच पुढे गेली. तो हसत होता, मजेत होता. आपल्यावाचून एखादं मूल मजेत असलेलं बघून शिक्षकाला बरं वाटायला हवं. वाटलं. त्यासोबत काहीतरी टोचलंही, आणि ते नेमकं काय ते सांगता येईना. लेझीम संपल्यावर मी कागदावरच्या त्या ओळीवर काट मारली. हात सवयीनं गेला.

जूनमध्ये पुन्हा रजिस्टर आणलं. नवीन काही पद्धत काढावी असं डोक्यात होतं. काट नको, टिंब करावं, किंवा मुलांसमोर लिहूच नये, किंवा हिरव्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढावा, "सांगितलं" असा. रविवारी दुपारी पट्टी घेऊन बसले. रकाना काढलाही. मग मनात आलं, हाही जुलैपर्यंत मी नुसता भरत सुटेन, त्या चौदा वाक्यांसारखा. पट्टी तशीच ठेवून चहा टाकला. तो रकाना आहे अजून. काही नावांसमोर भरलाय, बऱ्याच नावांसमोर रिकामा आहे.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. बाहेर पहिल्या पावसाचा चिखल, हॉलमध्ये ओल्या दप्तरांचा वास. पाचवीची नवी तुकडी समोर बसली होती. अजून रांगा लागायच्या होत्या, दोन पोरांचं भांडण मिटायचं होतं आणि मी नेहमीप्रमाणे वहीत डोकं घालून हजेरी घेत होते. मागून आवाज आला, "मॅडम, पेटी कुठे ठेवू?"

मला वाटलं शिपाईकाका. मान वर न करता मी म्हटलं, "तिकडेच ठेवा हो, खिडकीपाशी नको, ओल येते." पेटी ठेवल्याचा आवाज झाला, अगदी हलका, भात्याची बाजू माझ्याकडे करून. मग पुन्हा तोच आवाज, घोगरा, पण आता एकसंध. "किल्ली टेबलावर ठेवलीय."

मी वळले. तो नववीत गेलेला, खांद्यापर्यंत येणारा मुलगा डोक्याएवढा झालेला, ओठांवर लव. पाचवीची पोरं आ वासून त्याच्याकडे बघत होती. मी घाईघाईनं पेटीपाशी बसले, भाता सोडला आणि त्याच्या त्या बोलण्याला कुठला सूर लागतोय ते शोधायला लागले. काळी एक. नाही, पांढरी एकच असेल. "थांब रे जरा," मी म्हटलं, "परत एकदा बोल काहीतरी."

"काय बोलू?"

पांढरी एक.